दळून-वितळवून पुन्हा वापरता येईल असा माल डिझाइन करताना या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीत मी प्लास्टिकच्या वस्तूंची डिझाइनं करतो. नव्या मुलांची ड्रॉइंगं तपासायला येतात आणि त्याच चुका पुन्हा समोर दिसतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वेगळी न होणारी दोन प्लास्टिकं एका वस्तूत घालणं. ही मी स्वतः केली आहे. पेट (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) वापरलेल्या बरणीला स्वस्त पडते म्हणून पीव्हीसीची श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारं लेबल, दिली. रिजेक्ट बरण्या तळोज्याला दळायला गेल्या. धुण्याच्या हौदात झाकणांचा चुरा वर आला, कारण झाकणं पॉलिप्रॉपिलीनची आणि त्याची घनता ०.९, पाण्याची १. पेटची १.३८ च्या आसपास आणि पीव्हीसीची जवळपास तेवढीच, म्हणून दोन्ही तळाला एकत्र बसली. पेट वितळवायला २६० ते २८० अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही, तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. नाकाला झोंबणारा वास आला, दाणा पिवळा पडला, त्यात काळे ठिपके. अख्खा लॉट गेला.

तेव्हापासून बरणी, झाकण, लेबल यांचा एकेक तुकडा कापून मी पाण्याच्या ग्लासात टाकतो. बरणी बुडत असेल तर लेबल तरंगलंच पाहिजे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये टाल्क (दगडाची भुकटी) जास्त भरला असेल तर तेही बुडतं, म्हणून पुरवठादाराच्या शब्दावर जाऊ नका, तुकडा टाकून बघा.

दुसरी चूक गोंदाची आणि पितळी इन्सर्टची, म्हणजे स्क्रूसाठी प्लास्टिकात बसवलेल्या आट्यांच्या नळीची. घाई असली की मुलं भाग चिकटवून मोकळी होतात. दळताना ते पितळ ग्राइंडरच्या ब्लेडची धार मोडतं, म्हणून भंगारवाला असा माल घ्यायला नाखूश असतो. मी प्लास्टिकमध्येच बसणारा स्क्रू किंवा खटका देतो. पहिला नमुना तुर्भ्याला भंगार निवडणाऱ्या मावशींच्या हातात एक स्क्रूड्रायव्हर देऊन ठेवतो. दोन मिनिटांत सुटला नाही तर ड्रॉइंग परत टेबलावर. साचा कापून झाल्यावर हे करण्यात काही अर्थ नाही.

काळा रंग टाळा: त्यातली काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, इन्फ्रारेड किरण शोषून घेतो, त्यामुळे वर्गीकरणाच्या यंत्राला प्लास्टिक ओळखता येत नाही.

साच्यातच प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा कोरा. पेटला १, पॉलिप्रॉपिलीनला ५. स्टिकर धुण्यात निघून जातो.

पोलादी बॉडीत मोटर असेल तर वायंडिंगसकट (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांसकट) बाहेर खेचता आली पाहिजे. तांबं एकदा पोलादाच्या रसात मिसळलं की भट्टीवाल्याला ते काढता येत नाही, आणि ते पोलाद गरम लाटताना पृष्ठभागावर तडकतं.