मूलभूत हक्कावरचं बंधन न्यायालयात टिकेल का, हे कसं तपासावं?

बातमीवर विसंबू नका, आदेशाचा मूळ मजकूर मिळवा. त्यामागे कायदा आहे का, ते पाहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19मधलं (भाषण, व्यवसाय वगैरेंचं) स्वातंत्र्य नुसत्या प्रशासकीय सूचनेनं आवळता येत नाही.

मग हेतू. भाषणावरचं बंधन 19(2)मध्ये दिलेल्या कारणांच्या यादीतल्या एखाद्या आधारात बसलंच पाहिजे. ‘जनहित’ त्या यादीत नाही, ते व्यवसायासाठीच्या 19(6)मध्ये आहे. इथे भलेभले गल्लत करतात. उपाय आणि हेतू यांचा काही संबंध आहे का, हे त्यानंतर पाहा. ही पायरी सरकार सहसा पार करतं, तिच्यावर पानं खर्च करू नका.

खरा कस गरजेच्या पायरीवर लागतो. तेवढाच हेतू साधणारा, पण हक्काला कमी धक्का लावणारा पर्याय होता का? ‘बंधन जाचक आहे’ एवढं लिहून भागत नाही, पर्याय नाव घेऊन मांडावा लागतो. चिंतामणराव खटला (1950) बारकाईनं वाचा. सागर जिल्ह्यातल्या काही गावांत शेतीच्या हंगामात विड्या वळायला सरसकट बंदी होती, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं हेतू मानला, बंदी रद्द केली. फक्त शेतमजुरांना विडीकामावर घ्यायला मनाई केली असती किंवा कामाचे तास ठरवले असते, तरी चाललं असतं. शेतात राबू न शकणारे म्हातारे आणि अपंग यांचाही रोजगार बुडत होता, त्यानं शेतीला एकही हात मिळणार नव्हता. नेमकी अशीच माणसं शोधा: बंधनाखाली आलेली, पण हेतूशी संबंध नसलेली.

सोबत पुरावा मागा. आभासी चलनाच्या व्यवहारांना बँकसेवा देऊ नका, असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक 2020 मध्ये पडलं, कारण बँकांना काही नुकसान झाल्याचं तिला दाखवताच आलं नाही.

शेवटी तोल: हक्काचं नुकसान आणि होणारा फायदा. हेतू, संबंध, गरज आणि तोल ही चौपदरी कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या मॉडर्न डेंटल निकालानं स्वीकारली. थेट तोलावर उडी मारू नका, तिथे युक्तिवाद मतमतांतरात विरतो.

आणि अख्ख्या कायद्यावर एकच वार करू नका, प्रत्येक कलम वेगळं तपासा. आधार निकालात (2018) पॅनजोडणी टिकली, बँक खात्याची जोडणी मात्र रद्द झाली. बंधनाला मुदत आहे का, तेही पाहा. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि तसे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, असं अनुराधा भसीन निकाल (2020) सांगतो. आदेशाची प्रत नाकारली गेली, तर याचिकेत पहिला मुद्दा तोच घ्या.