'नॉट बॅड' म्हणजे उत्तम: ब्रिटिश क्लायंटचं बोलणं कसं ओळखावं

लग्नाच्या बोलणीत 'पत्रिका बघून कळवतो' म्हटलं की समोरचे काय ते समजतात. पवईत किंवा ऐरोलीत बसून लंडनच्या क्लायंटशी बोलताना तोच कान लावायचा. गोरा साहेब सडेतोड असतो, ही समजूत पहिल्याच कॉलला बाजूला ठेवा.

'नॉट बॅड' ही चांगली शाबासकी. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक, बहुधा अपेक्षेपेक्षा कमीच. अमेरिकन मात्र तेच 'छान' अशा अर्थाने म्हणतो, त्यामुळे दोन्हीकडचे क्लायंट सांभाळणारे हमखास इथे फसतात. त्यातही मेख आहे: 'क्वाइट'पुढे 'ब्रिलियंट'सारखा टोकाचा शब्द आला, तर स्तुती खरी. 'आय विल बेअर इट इन माइंड' म्हणजे बहुतेक वेळा विषय संपला. 'विथ रिस्पेक्ट'नंतर विरोधच येतो.

'अ बिट' ऐकलं की मात्र पेन हातात घ्या. १९५१ साली कोरियाच्या युद्धात, इमजिन नदीवर, ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडीने अमेरिकन वरिष्ठाला कळवलं, 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी.' त्याला वाटलं, जरा ओढाताण आहे, निभेल. प्रत्यक्षात ब्रॉडीच्या हाताखालची ग्लॉस्टर्स ही ब्रिटिश पलटण चिनी सैन्याने घेरली होती. त्यातले बहुतेक जण कैद झाले. म्हणून 'अ बिट कन्सर्न्ड' हे आपल्याकडचं 'बोंब झालीय' समजा.

'आर यू हॅपी?' विचारू नका, उत्तर 'येस, फाइन'च येणार. 'यातलं एकच बदलायचं झालं तर कोणतं?' असं विचारा. मग खरी तक्रार बाहेर येते. कॉलनंतर तासाभरात मुद्दे मेलवर टाका आणि प्रत्येकापुढे तारीख मागा. तारीख न देता नुसतं कौतुक आलं, तर काम अडलंय असं धरून चाला.

आपली चूक वेगळीच. आपण संकोचाने 'येस, विल बी डन' म्हणतो आणि ते तो शब्द वचन म्हणून धरतात. उशीर होणार असेल तर आठवडाभर आधी सांगा, ते चालतं. डिलिव्हरीच्या सकाळी सांगितलेलं चालत नाही.

ग्लासगोच्या माणसाला 'इंग्लिश' म्हणू नका, तो स्कॉटिश.

आणि घड्याळ: लंडनचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे १:३०, हिवाळ्यात २:३०. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो; त्या सोमवारी कॅलेंडरचं इन्व्हाइट तपासून मगच जेवायला उठा.