पावसाळ्यात दुधी, शेर आणि निवडुंग: काय उपटावं, काय राखावं, कशापासून लांब राहावं

पीक तरारून वर आलं की ओळींमधून दुधीही (भाजीचा भोपळा नव्हे, हे तण) डोकं काढते. एक जमिनीलगत पसरणारी, लालसर केसाळ खोडाची आणि समोरासमोर पानांची, ती युफोर्बिया हिर्टा. हिलाच काही जण नायटी म्हणतात. दुसरी सरळ उभी वाढते आणि शेंड्याच्या पानांत हिरव्या बोंडांचा झुबका धरते, ती मोठी दुधी. हेटेरोफायला आणि जेनिक्युलाटा या नावांनी तणांच्या यादीत जी सापडते तीच ही. कोणतीही मोडा, पांढरा चीक येतो. बांधावरचा शेर आणि त्रिधारी निवडुंगही याच युफोर्बिया प्रजातीतले असून जगभरात हिच्या सुमारे 2000 जाती आहेत. फड्या निवडुंग मात्र यात नाही. तो वेगळ्या कुळातला, आणि त्याला असा दुधाळ चीक नसतो.

अलीकडे या झाडांबद्दल 'औषधी', 'लाखमोलाचा चीक' असं बरंच बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते शेतात नाही, प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे आधी तणाचं बघू.

मोठ्या दुधीचं बोंड तीन बियांचं असतं. पिकलं की ते तडकतं आणि बी दूर उडतं. म्हणून खुरपणीची वेळ फुलोऱ्यानंतर नाही, त्याआधी साधायची. रोप दोन ते चार पानांवर असताना कोळपं चालवलं तर काम सोपं होतं. उशीर झालाच तर मुळासकट उपटा, कारण वरून कापलेलं झाड खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतं. बोंडं लागलेली झाडं बांधावर टाकून देऊ नका. तिथे वाळता वाळता ती बी उडवत राहतात. बी धरलेलं तण गोळा करून शेताबाहेर नष्ट करावं, आणि बी न धरलेलं खुशाल आच्छादनाला वापरावं.

तणनाशकावर भिस्त असणाऱ्यांसाठी ब्राझीलचा अनुभव मोलाचा आहे. तिथे सोयाबीनमध्ये एकाच गटाची तणनाशकं वर्षानुवर्षं फवारल्यानंतर मोठ्या दुधीचे त्यांना दाद न देणारे प्रकार तयार झाले. इमॅझेथापायर हे तणनाशक ज्या गटात येतं तोच तो गट. पुढे फोमेसाफेन या वेगळ्या तणनाशकाच्या गटालाही न जुमानणारे प्रकार सापडले. म्हणून ब्रँड बदलून भागत नाही, क्रियेचा गट, म्हणजे तण मारण्याची पद्धतच बदलावी लागते. उगवणीपूर्व फवारणी, नंतर कोळपणी आणि गरज पडली तरच दुसऱ्या गटाचं उगवणीनंतरचं तणनाशक, असा क्रम ठेवा. मात्रा आणि पीक लेबलवर असेल तेच. फवारून पंधरवडा झाला तरी काही झाडं हिरवीगार दिसली, तर ती बी धरण्याआधी हाताने काढा. पुढच्या हंगामाचा त्रास तिथूनच सुरू होतो. दुधीवर पांढरी माशी आसरा घेते आणि पानं मुरडणारे विषाणूही टिकून राहतात. त्यामुळे मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेभोवती ही तणं अजिबात ठेवू नयेत.

आता औषधाचं. सर्वांत भक्कम पुरावा युफोर्बिया पेप्लस या लहानशा तणाचा आहे. ऑस्ट्रेलियात लोक तिचा चीक उन्हाने आलेल्या डागांवर आणि चामखिळींवर लावत. त्यातला इन्जेनॉल मेब्युटेट हा घटक वेगळा काढून जेल तयार झालं आणि 2012 साली अमेरिकेत उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. चेहऱ्यासाठी त्याचं प्रमाण होतं 0.015 टक्के, तेही फक्त तीन दिवस. पण पुढे हे औषध वापरलेल्या रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळल्याची चिंता निर्माण झाली आणि 2020 मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली. एवढं मोजूनमापून दिलेल्या शुद्ध घटकाची ही गत, तर शेतातल्या चिकाचे थेंब कोण मोजणार?

मोरोक्कोच्या युफोर्बिया रेझिनिफेरापासून मिळणारं रेझिनिफेराटॉक्सिन तिखटपणात मिरचीच्या कॅप्सायसिनच्या सुमारे हजारपट आहे. वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशी ते निकामी करतं, म्हणून कर्करोगाच्या असह्य वेदनांवर आणि गुडघेदुखीवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. नायटीचा काढा दमा आणि जुलाबावर पूर्वापार वापरात आहे. तिच्यातल्या क्वेर्सिट्रिन या घटकाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत जुलाब आटोक्यात आणले, पण माणसांवरच्या चांगल्या चाचण्या फार थोड्या आहेत. शेराच्या चिकाबाबत तर उलट इशाराच आहे. त्यातली फॉर्बॉल एस्टर नावाची रसायनं कर्करोगाच्या गाठी वाढायला मदत करतात, आणि आफ्रिकेतल्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाशी शेराच्या संपर्काचा संबंध असावा असं काही संशोधक मानतात. शेराचा चीक पोटात घ्यायला सांगणारा कोणीही असो, ऐकू नका.

शेतीच्या बाजूने पाहिलं तर शेर कुंपण म्हणून उत्तम. कमी पाण्यात तगतो आणि जनावरं तोंड लावत नाहीत. लावणीला साधारण फूटभर लांबीच्या कांड्या घ्या, चीक थांबून काप सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवा आणि पावसाची उघडीप पाहून निचऱ्याच्या जागी रोवा. मुसळधार पावसात ओल्या कापाची कांडी हमखास कुजते. विहीर, मत्स्यतळं किंवा मुलांच्या वाटेजवळ शेर लावू नये, त्याचा चीक माशांना मारक असतो.

व्यापारी लागवडीची स्वप्नं जुनी आहेत. प्रकाशसंश्लेषणावरील कामासाठी 1961 चं नोबेल मिळवणाऱ्या मेल्विन कॅल्विन यांनी 1970 च्या दशकात या झाडांच्या चिकातून इंधन काढण्याची कल्पना मांडली होती. शेतातलं उत्पादन अपेक्षेइतकं आलं नाही, तेलही पुन्हा स्वस्त झालं आणि ती बारगळली. टिकलेला धंदा म्हणजे मेक्सिकोच्या वाळवंटी भागातलं कँडेलिया मेण. ते युफोर्बिया अँटिसिफिलिटिकाच्या खोडावरून निघतं, ई 902 या क्रमांकाने खाद्यपदार्थांत चालतं आणि लिपस्टिकमध्येही जातं. कोणी शेर किंवा दुधीच्या लागवडीतून एकरी उत्पन्नाचे आकडे सांगत आला, तर आधी खरेदीदाराचा लेखी करार मागा. तो मिळेपर्यंत एक गुंठाही गुंतवू नका.

जनावरांच्या चाऱ्यात दुधी जाऊ देऊ नका. तोंड आणि आतडी पोळतात, आणि काही जातींचा दाहक अंश वाळल्यावरही राहतो. शेर छाटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा हवाच, आणि वारा पाठीमागून असावा. कातडीवर चीक लागला तर साबणाने धुवा, कारण नुसत्या पाण्याने तो नीट जात नाही. डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, आग कमी वाटली तरीही. काही तासांनी त्रास वाढतो, आणि दृष्टी दुसऱ्या दिवशीपर्यंत खालावत जाऊ शकते. जाताना झाडाची एक फांदी पिशवीत बांधून न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय लागलं ते कळेल.