निवासमंडप फक्कीने आखताना

दर मे महिन्यात मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरात मी चर्चच्या मैदानावर मोशेचा निवासमंडप, म्हणजे रानातल्या प्रवासात देवासाठी उभारलेला तंबू, आखते. बायबलातल्या निर्गमाचे २५ ते २७ हे अध्याय नुसते वाचले तर मापांच्या गर्दीत मुलं हरवतात. पायांनी फिरून बघितले की त्यांना ते कळतात. आपल्या संडे स्कूलमध्ये कुणाला हे करायचं असेल तर माझी रीत सांगते.

सुतळी, फक्की, साठ खुंट्या, एक खोकं, दोन लांब काठ्या आणि जुन्या साड्या एवढं पुरतं. माप हाताचं, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद, म्हणजे १५० बाय ७५ फूट. तेवढी जागा नसेल तर हाताऐवजी वीत धरा, सगळं बरोबर निम्म्यावर येतं.

सुरुवात अंगणापासून करू नका. पहिल्या वर्षी मी तसं केलं आणि मुलं कुंपणाशीच खेळत बसली. शास्त्रसुद्धा कोशापासून, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीपासून, सुरू होतं. म्हणून पश्चिमेकडच्या भागात आधी कोश म्हणून खोकं ठेवा: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आणि उचलायला दोन्ही बाजूंना काठ्या खोवा. मूळ कोश बाभळीच्या लाकडाचा होता, आतून-बाहेरून सोन्यानं मढवलेला. बांधावरच्या बाभळीची एक काटेरी डहाळी मुलांच्या हातात द्या. सोनं चढवायला देवानं कसलं लाकूड निवडलं ते त्यांना बघू द्या.

कोशावर दयासन, म्हणजे त्याचं सोन्याचं झाकण, आणि त्यावर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे स्वर्गीय प्राणी. इथं घाई करू नका. कोंबडी पिलांवर पाखर घालते ती मुलांनी पाहिलेली असते, तेच चित्र ९१व्या स्तोत्रात देवाबद्दल आहे. रूथच्या पुस्तकात, परदेशातून आलेली विधवा रूथ देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली असं शेतमालक बवाज म्हणतो, आणि पुढच्याच अध्यायात ती त्याला आपलं वस्त्र तिच्यावर घालायला सांगते. पंख आणि वस्त्राचा पदर यांना हिब्रूत एकच शब्द आहे, कानाफ. मी एका मुलीला साडीचा पदर पसरायला सांगते आणि धाकट्याला त्याखाली बसवते. एवढ्यानं मुलांना समजतं.

आता कोशाभोवती १० हातांचा चौरस, आडवा अंतरपट, त्यापुढे २० बाय १० हातांचं पवित्रस्थान. उत्तरेला मेज, दक्षिणेला दीपवृक्ष, अंतरपटासमोर धूपवेदी. हे भराभर उरका आणि छताशी थांबा. सगळ्यात आत तलम तागाचे पडदे, त्यांवर करूब विणलेले. वर बकरीच्या केसांचं आच्छादन, त्यावर रंगवलेली मेंढ्यांची कातडी आणि आणखी एक कातडी. आतला पडदा २८ हात आणि केसांचा ३० हात, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक हात जास्त. तलम कापड झाकलं जावं एवढ्यासाठी ही काळजी. बाहेरून रखरखीत कातडं दिसायचं. पंख फक्त आत उभं राहून मान वर करणाऱ्याला दिसायचे.

मग अंगण: पाच हात उंच पडदे आणि पूर्वेला २० हातांचं दार. कुणीतरी विचारतंच, “बाई, भिंत कुठंय? शत्रू आले तर?” भिंत नाही, कापडच आहे. बायबलातल्या गणनेचा पहिला अध्याय उघडा. मंडपाची सेवा करणारे लेवी वंशाचे लोक मंडपाभोवती राहिले ते लोकांवर कोप येऊ नये म्हणून. पवित्र देवाजवळ भलत्या वाटेनं जाण्यापासून त्या पहाऱ्यानं माणसं वाचत होती. दार पूर्वेला का, तेही सांगा. एदेनातून माणूस पूर्वेकडे गेला आणि तिथं करूब वाट राखत बसले. इथं तो पश्चिमेकडे तोंड करून परत आत येतो.

एक गोष्ट टाळू नका, मोठी मुलं असतील तर मुळीच नाही. माझ्या आईनं दारावर देव सांभाळील असं सांगणाऱ्या त्या ९१व्या स्तोत्राची चौकट लावली होती. त्याच दारातून माझ्या धाकट्या भावाला नेलं. तेव्हा १ शमुवेल ४ मी पहिल्यांदा नीट वाचला. इस्राएलानं कोश रणात नेला, तो आपल्याला वाचवील म्हणून. ३०,००० पायदळ पडलं आणि कोश पलिष्ट्यांच्या, म्हणजे शत्रूंच्या, हाती गेला. सोन्याचा कोश आणि त्यावरचे पंख असूनही तो ताईत नव्हता. आईनं चौकट काढली नाही. मात्र त्यानंतर ती रोज त्या वचनांपाशी उभी राहून प्रार्थना करू लागली.

शेवटी आवरताना काठ्या खोक्यातून काढू नका. कोशाचे दांडे कड्यांतून काढायचे नाहीत अशी आज्ञा आहे, मुक्काम कधीही हलायचा. आधी अंतरपटाची साडी उतरवून तिनंच कोश झाका, गणना ४ प्रमाणे. मग चार मुलांच्या खांद्यावर द्या आणि बाकीच्यांना मागोमाग चर्चच्या दारापर्यंत चालू द्या. फक्की पुसायची गरज नाही, पहिल्या पावसात जाते.