होडीचं थंडीचं कव्हर घरी शिवताय? या चुका टाळा

आमची चौदा फुटी शिडाची होडी भोपाळच्या मोठ्या तलावावर चालते आणि थंडीत दोन महिने इंदूरला, घराच्या आवारात ट्रेलरवर उभी असते. कव्हर मी घरच्या मशीनवर शिवतो, आतापर्यंत तीन झाली, पहिली दोन माझ्याच अकलेने वाया गेली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पलंगावर चादर घालावी तसं सपाट कव्हर. इंदूरला थंडीत कुठला पाऊस, असं मीही म्हणायचो. मग जानेवारीत मावठा आला, दोन दिवस, आणि आम्ही सगळे ग्वाल्हेरला मामांकडे. परत येऊन बघतो तर कॉकपिटवर (होडीतली बसायची जागा) मधोमध हौद! चौरस मीटरभर जागेत 10 सेंटीमीटर पाणी साठलं तरी 100 किलो होतं हो, त्या वजनानं शिवण उसवत होती ती माझ्या डोळ्यांदेखत फाटली आणि सगळं पाणी होडीच्या आत. आई म्हणाली, चला, म्हशींची सोय झाली. आता मी बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) मागून उंच बांधतो, त्यावरनं कव्हर दोन्हीकडे छपरासारखं उतरवतो (बूम काढून ठेवलेला असेल तर सरळ बांबू), आणि वरून बादलीभर पाणी ओतून बघतो. एका जागी पेलाभर जरी थांबलं तरी परत उसवायचं. कंटाळा येतो, येऊ दे.

दुसरी चूक, चारी बाजूंनी गच्च आवळणं. आतला ओलावा दिवसा उन्हानं वाफ होतो आणि रात्री गार कापडाला आतून धरतो, मग थेंब थेंब खाली. माझ्या दोरांवर अशीच हिरवी बुरशी आली होती, वास तर विचारूच नका. पुढे आणि मागे हवेला तोंड ठेवा, वर झापड शिवा म्हणजे पाऊस आत येणार नाही. शीड घरात काढून आणा, ड्रेन प्लग (मागच्या बाजूचं, पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढा, पुढचं टोक जरा उंच ठेवा.

सुती दोरा नको, पॉलिएस्टरचा घ्या, ऊन-पाण्यात सुती कुजतो. सुई 18 नंबरची. बारीक टाके घातले की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं, चार-पाच मिलिमीटरचा टाका पुरे. टाचण्या लावल्या की तेवढी भोकं कायमची, मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो. आयलेट (दोर ओवायची धातूची कडी) एकेरी कापडात ठोकाल तर वाऱ्यात उपटून येणार, तिथे कापड दुमडून घ्या. निळी प्लास्टिकची तिरपाल स्वस्त मिळते खरी, पण उन्हात पापडासारखी तडकते.

आणि माप कागदावर काढून कात्री लावू नका. कापड होडीवर टाका, खडूनं खुणा करा, मग कापा. शेजारचा पोरगा म्हणाला काका रविवारी संध्याकाळपर्यंत उरकतो, मोबाईलवर बघितलंय सगळं. त्याचं कव्हर वीतभर आखूड झालं, आता स्कूटरवर घालतो.