‘द कार्स’च्या पहिल्या अल्बमसारखा दाट कोरस, घरच्या घरी

बॉस्टनच्या ‘द कार्स’ या रॉक बँडचा पहिला अल्बम १९७८ सालचा. बिलबोर्डच्या अमेरिकी अल्बम-यादीत तो १८व्या क्रमांकापर्यंतच चढला, पण तब्बल १३९ आठवडे यादीत टिकला. निर्माता रॉय थॉमस बेकर, म्हणजे ‘क्वीन’ या बँडच्या आवाजांचे थर रचणारा माणूस. त्यातलं ‘गुड टाइम्स रोल’ हे गाणं हेडफोनवर ऐका. वाद्यं सुटी, कोरडी, आणि शीर्षकाच्या ओळीला एकदम आवाजांची भिंत! ती उठून दिसते ती भोवतालच्या मोकळ्या जागेमुळे. म्हणून कोरसच्या ओळीत आधी गिटार विरळ करा.

मांडणी सोपी आहे: सा, ग, प असे तीन स्वर, प्रत्येक स्वर चार वेळा, एकूण बारा ट्रॅक. प्रत्येक स्वराचे पहिले दोन टेक (एकदा गाऊन रेकॉर्ड केलं की एक टेक) माइकपासून वीतभर अंतरावर गा, पुढचे दोन दोन-अडीच फूट मागे सरकून. कानात फक्त पहिला टेक ठेवा, बाकीचे म्यूट. सगळे एकदम ऐकत गायलात की सूर हळूहळू उतरतो. आवाज सपाट हवा. भावगीताची सवय असलेल्या गळ्याकडून नकळत मींड किंवा हरकत जाते. तो टेक ठेवू नका, पुन्हा गा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘स’मुळे. ‘टाइम्स’मधला ‘स’ बारा वेळा किंचित पुढेमागे पडला की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर होते. ‘स’ एकाच टेकमध्ये म्हणा, उरलेल्या अकरांत ‘टाइम’वरच थांबा.

टेक कॉपी-पेस्ट करू नका. त्याने आवाज फक्त मोठा होतो, दाट होत नाही. जरा सरकवलात तर पोकळ होतो. पिच करेक्शनही (सॉफ्टवेअरने सूर सुधारणं) हलकंच ठेवा, दाटपणा त्या बारीक फरकांतूनच येतो.

मिक्स करताना १५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. ‘सा’ मध्याजवळ, ‘ग’ अर्ध्यावर, ‘प’ पार डाव्या-उजव्या टोकाला. सगळे एका ग्रुपमध्ये घेऊन कॉम्प्रेसरने (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) ३-४ डेसिबल दाबा. रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा परिणाम, अगदी थोडा. शेवटी बाराही टेक एकाच जागी कापा आणि कापल्या जागी ३० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज एकदम न तोडता विरवा, नाहीतर टिक्‌ असा आवाज राहतो.