भाषाविज्ञानाला प्रवेश घेतलाय? मग आधी कान तयार करा

माझ्या वर्गात नव्याने आलेल्यांना मी पहिल्याच आठवड्यात बजावते: व्याख्यांची घोकंपट्टी नको. स्वनिमाची, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या सर्वांत लहान ध्वनिघटकाची, व्याख्या चार ओळींत लिहिणं वेगळं आणि अनोळखी भाषेतले वीस शब्द समोर ठेवल्यावर त्यातले स्वनिम शोधून काढणं वेगळं. विषय कळतो तो शोधण्यातूनच. म्हणून सराव-उदाहरणं दर आठवड्याला सोडवा, परीक्षेच्या तोंडावर नाही.

पहिल्या सत्रात आंतरराष्ट्रीय स्वनलिपी, म्हणजे कुठल्याही भाषेतले उच्चार लिहायची चिन्हं, हातात बसवा. १८८८ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर चालते. मराठी बोलतो तशीच लिहितो, असा आपला पक्का समज असतो. तो तपासायला ‘चार गाई’ आणि ‘गाईला चारा चार’ हे मोठ्याने म्हणून बघा. ‘चार गाई’तला च उच्चारताना जीभ टाळूकडे जाते, ‘चारा चार’मधला उच्चारताना ती दातांमागे टेकते. आकडा की क्रिया, हे तेवढ्यावरच ठरतं, म्हणजे स्वनिम दोन. लिपीत चिन्ह मात्र एकच. अशा जोड्या स्वतः शोधा, वहीत लिहीत जा.

‘प्रात’ हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते फुकट आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केलं. त्यात ‘कडा’ आणि ‘खडा’ रेकॉर्ड करून आलेख पाहा. ‘क’नंतर स्वर जवळजवळ लगेच सुरू होतो. ‘ख’नंतर मध्ये हवेचा खरखरीत पट्टा दिसतो. महाप्राण म्हणतात तो हाच, आणि तो तुमच्याच आवाजातला!

वाक्यविन्यास, म्हणजे वाक्यरचनेचा अभ्यास, बऱ्याच जणांना जड जातो, मला मात्र खरी गंमत तिथेच वाटते. ही तीन वाक्यं घ्या: ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’, ‘त्याने मुलीला बघितलं’. पहिल्या दोन्हींत क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं, लिहिणाऱ्याप्रमाणे नाही. पण ‘त्या’ला ‘ने’ लागतो, ‘मी’ला का लागत नाही? हिंदीत तर ‘मैंने’ म्हणतात. आणि कर्माला ‘ला’ लागल्याबरोबर क्रियापद नपुंसकलिंगी का झालं? प्रत्येक वाक्याखाली रूपिमांची, म्हणजे शब्दातल्या अर्थ असलेल्या सर्वांत लहान तुकड्यांची, फोड आणि तिच्याखाली प्रत्येक तुकड्याचं व्याकरणातलं काम, अशा ओळी लिहायची सवय लावा. फोड नीट झाली की सिद्धांत वाचताना तो नेमकं कशाचं उत्तर देतोय हे कळतं. वाक्यरचनेचा सिद्धांत मांडणारा चॉम्स्की वाचायचा तो त्यानंतर.

संख्याशास्त्र टाळू नका, थोडं तरी लागतंच.

प्रबंधाला विषय लहान निवडा. ‘अमुक भाषेच्या बोली’ एवढा पसारा एका वर्षात आवरत नाही. ‘या बोलीत नकारार्थी वाक्य कसं बनतं’ हा आवरतो. रेकॉर्डिंगआधी बोलणाऱ्याची संमती घ्या. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्रीत आवाजाचे बारकावे गळतात. बोलणाऱ्याचं वय, मातृभाषा आणि तो कुठे वाढला, हे त्याच दिवशी नोंदवा. त्याला ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका, नाहीतर तो शाळेत शिकलेलं व्याकरण सांगू लागतो. ‘घरी तुम्ही असं म्हणाल का?’ असं विचारा, आणि उत्तराआधी तो अडखळला तर तेही लिहून ठेवा.